चार माणसांचं दळण

“एक मूल असेल तर चाइल्ड. वॉर्डात चार मुलं आली, तर कागदावर काय लिहाल?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

प्रमिलाला काही आठवेना. कालपर्यंत शब्द जिभेवर होता. धुळ्याच्या त्या दवाखान्यात नर्सच्या शिक्षणाची एकच जागा उरली होती, आणि बाहेर बाकावर आणखी दोघीजणी बसल्या होत्या. सासऱ्यांनी, रुपचंदनानांनी, एकदाच जायची मोकळीक दिली होती. जागा हुकली की पुन्हा धरणगाव, पुन्हा ती चूल, तोच ओटा. पंचविशीत कपाळ मोकळं झालेल्या सुनेला दुसरं काय होतं?

इंग्रजी शब्दांची यादी तिच्या भावानं, हिलालनं, करून दिली होती. एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला अनेक, सगळं बाळबोध अक्षरांत. पण घरी तो कागद पाच मिनिटं डोळ्यांपुढे टिकेल तर शपथ. सुनेचे हात रिकामे दिसतात, असं नाना ओट्यावरून सुनावायचे. नाना गप्प असले तर सासू भिकुबाई हाक मारायची, “चाल, जातावर बठ.”

सकाळी दळण, दुपारी दळण. खाणारी चार माणसं, पण ज्वारीची टोपली काही रिती होत नव्हती. ही बाई मुद्दाम छळते, असं प्रमिलाला वाटे. रागारागानं ती जात्याचा खुंटा ओढी आणि यादीतले शब्द ओवीत घोळवी. जात्यावर बाई काय गाते हे गडीमाणूस विचारत नाही. सासू समोर बसून मुकाट दाणे टाकत राही. आवाज पडला की तेवढं म्हणे, मोठ्यानं म्हण, पीठ जाडं येतंय.

टेबलाआड, मांडीवर, प्रमिलाचा उजवा हात गोल फिरू लागला. तिला ते कळलंही नाही.

“हात का फिरवता?”

“दळतेय, बाई.”

डॉक्टरीणबाईंच्या भुवया वर गेल्या. प्रमिलाचे ओठ हलत होते.

एक चाइल्ड पाळण्यात, दारी चिल्ड्रन खेळती गं,
एका फुटाला काटा लागे, दोन्ही फीट थबकती गं.

“चिल्ड्रन,” ती म्हणाली. मग बाईंनी पाय विचारला, दात विचारला, बायका विचारल्या, उलटसुलट, मधलेच शब्द गाळून. हात फिरत राहिला आणि शब्द पिठासारखे खाली येत राहिले. शेवटी बाईंनी कागदावर सही केली आणि विचारलं, इतकं पक्कं शिकवलं कोणी?

“कोणी नाही,” प्रमिला म्हणाली. तिच्या आवाजात थोडा कडवटपणा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पेटी न्यायला धरणगावला आली. नानांनी बातमी ऐकून नुसता हुंकार दिला. भिकुबाईनं तर मान वर करूनही पाहिलं नाही. ती जात्याची पाळ फडक्यानं पुसत होती. निघताना तरी एखादा शब्द बोलावा की नाही माणसानं. तिनं दोन लुगडी पेटीत कोंबली आणि झाकण दाबलं.

तेवढ्यात मागच्या दारानं समोरच्या घरची तानुबाई आत आली. कमरेवर ज्वारीची पाटी. तिच्या मागे आणखी दोघी, त्यांच्याही कमरेवर पाट्या.

“अक्का, सून चालनी म्हने तुमनी,” तानुबाई म्हणाली. “आते आमनं दळण कोन दळी?”

प्रमिलाचा हात पेटीच्या कडीवर तसाच राहिला.

भिकुबाईनं फडकं झटकलं. एकेक पाटी जिची तिच्याकडे सरकवली.

“तुमनं तुम्ही दळा आते. मनी पोरनं पाठ व्हई गयं.”