भट्टीची धग

“हार्मोन वाढवायच्या गोळ्या नंतर बघू,” डॉक्टर म्हणाले होते. “आधी सहा महिने भट्टी सोडा. मूल होण्यात ती धगच नडतेय तुम्हाला.”

पेढेवाल्यानं भट्टी सोडायची? लाजेकाजेस्तव हणमंतानं घरी पाठदुखीचं निमित्त सांगितलं. सत्तरीतल्या अण्णांनी एका शब्दानं न विचारता उलथनं हाती घेतलं आणि पोराला काउंटरवर बसवलं.

आज बायकोला दिवस गेल्याचं कळलं तसा हणमंत धावतच भट्टीकडे गेला. घामानं निथळणाऱ्या अण्णांच्या पायांवर त्यानं डोकं ठेवलं.

“अण्णा, तुम्ही होता म्हणून झालं. आता द्या ते उलथनं, पाठ बरी झाली माझी.”

अण्णांनी कोमट खव्याची गोळी त्याच्या तोंडात घातली, पण उलथनं काही सोडलं नाही.

“जा, बस काउंटरवर. दुसरं नातवंड नको व्हय मला?”