खांबावरचं बारावं नाव

पाथरवट सकाळपासून चौकात छिन्नी-हातोडा घेऊन बसला होता आणि इकडे आई कपाटाची किल्ली काही देत नव्हती.

मोजणीदार वारून महिना झाला होता. चौकातल्या दगडी खांबावर लढाईत गेलेल्या गावकऱ्यांची अकरा नावं होती; बारावं त्याच लढाईत लंगडे झालेल्या मोजणीदारांचं कोरायचं, असं गावाने एकमताने ठरवलं. सैनिकाच्या नावाखाली पलटण आणि नंबर लागतो. तेवढा त्यांच्या मुलीने कपाटातल्या कागदांतून काढून द्यायचा होता. बापाचं नाव त्या दगडावर राहावं, असं तिला जिवापाड वाटत होतं. जिवंतपणी त्यांनी कोणाला कौतुकाचे दोन शब्द बोलूही दिले नव्हते.

गावप्रमुख किल्लीचं काय झालं ते बघायला आले आणि नेहमीप्रमाणे गप्पांत रमले. त्यांच्या तोंडाला एकदा सुरुवात झाली की आवर घालणं अवघड. लढाई संपली तेव्हा गावात हद्दीचा एक दगड जागेवर नव्हता. दप्तर जळालेलं. सख्खे भाऊ कुऱ्हाडी घेऊन बांधावर उभे. त्यात हा लंगडणारा तरुण, अंगावर मागून आणलेला सदरा, हातात मोजणीची साखळी. म्हणाला, भिंत इथे नव्हती, विहिरीपासून चाळीस पावलांवर होती. लोक हसले. खणलं तर पाया निघाला.

“नजर म्हणजे काय नजर!” गावप्रमुख म्हणाले. “नव्या माणसाला सगळं गाव पाठ!”

मग शेतीचं निघालं. तोफगोळ्यांनी चाळण झालेली, कोणी फुकटही घेईना अशी जमीन मोजणीदारांनी मागून घेतली. लोकांनी वेड्यात काढलं. सहा वर्षं पाटीने माती वाहून एकेक खड्डा बुजवला. पहिलं पीक आलं तेव्हा घरात दाणा ठेवायच्या आधी खांबावरच्या अकरा घरांत एकेक पोतं स्वतः पोचवलं. लढाईचा विषय काढला की मात्र त्यांना नेमकं बैलांना पाणी पाजायचं आठवायचं. बैल विकल्यावरही आठवायचं, असं म्हणून गावप्रमुख पोटभर हसले आणि दुपारच्या आत कागद पाठवा, असं बजावून गेले.

दार लागल्यावर मुलगी आईसमोर बसली. तिला आता राग आवरत नव्हता. चाळीस वर्षं संसार केलास आणि एका नंबरासाठी अडून बसतेस, असं ती म्हणाली.  आई तांदूळ निवडत राहिली.

मग मुलीला भलतीच शंका आली. बाबांनी कधी निवृत्तिवेतन मागितलं नाही. जुन्या सैनिकांच्या मेळाव्याला गेले नाहीत. एकही सोबती कधी घरी आला नाही. 

“आई, खरं सांग. बाबा पळून आले होते का?”

“नाही. त्यांना पाठ दाखवणं कधी जमलंच नाही.”

“मग किल्ली दे.”

आईने ताट बाजूला ठेवलं. लढाईच्या शेवटच्या आठवड्यात ते आपल्या ओढ्याकाठी पाय जायबंदी होऊन पडले होते, असं तिने सांगितलं. तिने त्यांना गोठ्यात लपवलं, त्यांच्या अंगावर आपल्या भावाचे कपडे चढवले. भाऊ जाऊन तेव्हा आठ दिवस झाले होते. चौकातच तोफगोळा पडला होता. खांबावर पहिलं नाव त्याचंच आहे. लंगडत का होईना, चालता आल्यावर ते जातील असं तिला वाटलं होतं. ते गेले नाहीत. इथलं निस्तरल्याशिवाय जाणार नाही म्हणाले.

“लपवलंस? आपल्याच माणसाला कशाला लपवायचं?”

आईने किल्ली काढून मुलीच्या हातात ठेवली. तिचा आवाज नेहमीचाच होता.

“कपाटात त्यांनी काढलेला या गावाचा पहिला नकाशा आहे. घराघरासकट, चौकासकट. पलीकडच्या टेकडीवर बसून काढलेला, शत्रूच्या तोफांसाठी.”