भिंतीवरचं बटण

बारशाची सहावी पत्रिका प्रिंटरमधून बाहेर आली आणि फोटोतल्या बाळाच्या कपाळावर पुन्हा तेच तीन पांढरे पट्टे.

खिडकीतून डोकावणारी शेजारची नागव्वा हसत सुटली. "अगं सिद्धेश्वरी, माझ्या पणतीला बारशाआधीच विभूती लावलीस व्हय?"

सिद्धेश्वरीला हसू कुठलं यायला! साठ पत्रिका, त्याही आज संध्याकाळी द्यायच्या. घरी प्रिंटर घेतल्यापासूनचं तिचं पहिलं मोठं काम. आणि नवरा, विरेश, सकाळी कारखान्यात जाताना बजावून गेलेला, "आज नीट चाललं तर चाललं. न्हायतर दुपारी रिक्षा आणतो आणि देऊन टाकतो वळसंगच्या भंगारवाल्या बसूला. रोजची कटकट नको." प्रिंटरचं रिकामं खोकंसुद्धा त्यानं माळ्यावरून काढून दाराशी ठेवलं होतं.

तिनं दुरुस्तीवाल्या शरणबसवला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"वहिनी, शाई वाळलीया," तो म्हणाला. "छापून झाल्या झाल्या भिंतीवरचं बटण कोण बंद करतंय काय?"

ती नाही म्हणणार तेवढ्यात तिची नजर बोर्डाकडे गेली. तिथं तिचे सासरे उभे होते, शिवयोगी अप्पा. बोट बटणावर ठेवलेलं, तसंच.

यंत्रमागांच्या कारखान्यातनं निवृत्त झाल्यापासून अप्पांकडे या घरात एकच काम उरलं होतं. पंखा, दिवा, टीव्ही, पाण्याची मोटार, जे रिकामं चालू दिसेल ते बंद करायचं. कुणी सांगितलं नव्हतं, पण ते इमानेइतबारे करायचे. प्रिंटरचा कागद बाहेर पडला रे पडला की खट्.

अप्पांनी चटका बसल्यासारखं बोट काढलं. बाहेर गेले आणि कट्ट्यावर बसले.

सिद्धेश्वरीला राग आला. खरंच आला. महिनाभर ती शाईला बोल लावत होती, कागदाला लावत होती, शेवटी स्वतःच्या नशिबाला लावत होती. तरातरा दारापर्यंत गेली. पण कट्ट्यावरची ती खाली गेलेली मान बघितली आणि रागाचं पाणी झालं.

"अप्पा, आत या की. एक दाखवायचंय."

"मी आता कशालाच हात लावत न्हाय बघ, पोरी."

"या तर खरं!"

शरणबसवनं फोनवर समजावलं होतं तसं तिनं प्रिंटरचं झाकण उचललं. शाईचा ठोकळा मधोमध उभा होता. "ह्याचं घर त्या कोपऱ्यात आहे, अप्पा. छापून झालं की हा तिथं जातो आणि ह्याचं तोंड झाकलं जातं. मग शाई ओली राहते. आपण भिंतीवरूनच करंट तोडला की बिचारा वाटेतच उघडा राहतो. वाळतो."

अप्पा वाकून बराच वेळ बघत राहिले. "म्हंजी मी ह्येला रोज रस्त्यातच सोडलं की."

"दिवसभर चालूच ठेवायचा. करंट काही एवढा खात नाही. निजायच्या आधी ह्याच्या अंगावरचं बटण दाबायचं, हा घरी पोचला की मग भिंतीवरचं. आणि ते तुम्हीच करायचं. माझ्या लक्षात राहत नाही."

शेवटचं ते खोटं होतं. एवढी हुशार पोरगी, तिच्या लक्षात काय राहत नव्हतं? अप्पांना कळलं. त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं आणि पुसता पुसता डोळेही पुसून घेतले.

शरणबसवनं सांगितलं तशी तिनं तीनदा आतली सफाई चालवली. तीन पट्ट्यांचे दोन झाले, दोनाचा एक. तिसऱ्या कागदावर बाळाचं कपाळ एकदम मोकळं! अप्पा एकेक पत्रिका उचलून खाटेवर वाळायला पसरू लागले.

बावीस झाल्या होत्या तेव्हा दारात रिक्षा वाजली. विरेश आला तो खोकं उचलूनच आत आला.

"काय? न्हाय ना झालं?"

"चालतोय," सिद्धेश्वरी घाईघाईनं म्हणाली. "माझंच चुकत होतं. मी छापून झालं की लगेच बटण…"

"खोटं बोलती ती," अप्पा म्हणाले. "मी बंद करत हुतो. महिनाभर."

विरेशचा आवाज चढला. "अप्पा, अवो तुमाला किती येळा सांगायचं…"

"तू टॉवेल विणतोस न्हवं?" अप्पांनी त्याला मध्येच तोडलं. "धोटा सूत घेऊन पळताना मधीच माग थांबला तर काय हुतंय?"

विरेशचा आवाज खाली आला. म्हणाला, "ताण्याचे धागे तुटतात की."

"ह्येचा बी धोटा हाय आत. मला ठावं नव्हतं. आज हिनं दावला."

विरेशनं प्रिंटरकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, खाटेवर पसरलेल्या बावीस बाळांकडे बघितलं. खोकं खाली ठेवलं. बाहेर जाऊन रिक्षावाल्याला जा म्हणून सांगितलं आणि परत येऊन उंबऱ्यातच घुटमळला.

"मग बंद कसा करायचा, अप्पा?" त्यानं विचारलं. बापाला काही विचारून त्याला कितीतरी दिवस झाले होते.

अप्पा प्रिंटरजवळच्या खुर्चीवर बसले. शेजारचं स्टूल पायानं पुढं सरकवलं.

"बस की हितं," ते म्हणाले. "अजून अडतीस हाईत. शेवटची निघाली की दावतो."