कोटाचे वरचे बटण

"हनुवटी खाली कर. हं, आता समोर बघ," मृणालिनीबाई म्हणाल्या आणि काळा लोकरी कोट सारखा करून अक्षराच्या शेजारी उभ्या राहिल्या.

मुलीचे डोके कोटाच्या सर्वांत वरच्या बटणाच्याही वर, थेट त्यांच्या कानाशी पोचले.

ही युक्ती त्यांची नव्हती. शंभर वर्षांपूर्वी गिरण्यांत आणि मासळीच्या कारखान्यांत राबणाऱ्या स्थलांतरितांच्या मुलांची छायाचित्रे काढणारा एक माणूस ती वापरत असे. मुकादमादेखत मोजपट्टी काढणे शक्य नसे. म्हणून आपल्या कोटाचे कोणते बटण जमिनीपासून किती उंच आहे, हे तो पाठ करून ठेवी. मूल शेजारी आले की उंची कळे, उंचीवरून वय. प्रत्येक मूल 'चौदा' सांगे. बटण सांगे नऊ.

एडमंटनच्या विद्यापीठात मृणालिनीबाईंनी तीस वर्षे ही छायाचित्रे शिकवली होती. मिसिसागाच्या ग्रंथालयात शनिवारी त्यांचे प्रदर्शन उघडणार होते आणि तेवढ्यासाठी त्या सुहासिनीकडे उतरल्या होत्या. सुहासिनी त्यांची वसतिगृहापासूनची मैत्रीण; दातांची डॉक्टर, आता निवृत्त. नवरा हेमचंद्र पक्षाघाताने अंथरुणाला खिळला, तेव्हा त्याचे करायला तिने दूरच्या नात्यातली ही मुलगी मायदेशातल्या गावाहून आणवली होती.

परवा कुणा शेजाऱ्याने फोन केला : शाळेच्या वेळात एक मुलगी ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने उपसत असते. आज अकराला बालसंरक्षण कार्यालयाची अधिकारी येणार होती. मुलगी सोळाच्या आतली निघाली, तर ती आजच तिला या घरातून घेऊन जाणार होती.

"दातांवरून वय कळतं ना? मग तूच सांग की त्यांना," मृणालिनीबाई सकाळी सुहासिनीला म्हणाल्या होत्या.

"मी घरातली, मिनू. माझ्या शब्दाला कोण विचारतं? एक्स्पर्ट तू. आणि दातांचंच म्हणशील, तर अक्कलदाढ येतेय तिची. चार दिवस गाल धरून बसलीय, नुसती चहात पाव बुडवून खाते. पण माझं ऐकू नकोस. तूच विचार तिला, मी वर थांबते."

म्हणून आता बेसमेंटमध्ये त्या दोघीच होत्या.

"वय किती तुझं?"

"अठरा पूर्ण."

उत्तर फार चटकन आले. मृणालिनीबाई सावध झाल्या. ती गिरणीतली मुले 'चौदा' अशीच सांगत असणार. त्यांनी वाट बदलली.

"दहावीला किती पडले?"

"बावन्न टक्के." मुलीने मान खाली घातली. "गणितात अडतीसच."

पढवलेली मुलगी बावन्न सांगत नाही. बाईंना हायसे वाटले. पासपोर्टावर जन्मतारीख होती एक जून, अठ्ठ्याण्णव. त्या एक जूनला त्या मनाशीच हसल्या. त्यांच्या थोरल्या भावाचा वाढदिवसही एक जूनच. शाळेत नाव घालताना गुरुजींना सोयीची पडलेली तारीख. त्यात चार-सहा महिन्यांचा फरक पडतो, वर्षांचा नाही.

टेबलावर प्रदर्शनातले एक छायाचित्र उघडे होते. शिंपले सोलणारी मुलगी. आईच्या जाकिटाच्या बाह्यांत तिचे हात बुडून गेलेले. अक्षरा ते बराच वेळ बघत राहिली.

"मावशी, हिला घरी कधी सोडलं?"

"या फोटोंमुळे पुढे कायदे झाले, बाळ."

"पण हिला?"

"तेवढं कुणी लिहून ठेवलेलं नाही गं."

अक्षराने जिभेने गाल आतून ढकलला. मग म्हणाली, "इथली छपरं फार उंच असतात, नाही?"

"उतरती असतात. बर्फ घसरून पडावा म्हणून," मृणालिनीबाईंनी समजावले. घरची आठवण आली की माणूस काहीही विचारतो, हे त्यांना ठाऊक होते.

अधिकारी तरुण होती, मऊ बोलणारी. अक्षराला इंग्रजी येत नव्हते. दुभाष्याचे काम मृणालिनीबाईंनीच केले. पासपोर्ट पाहून झाला, प्रश्न संपले. शेवटी अधिकारी त्यांच्याकडे वळली.

"प्रोफेसर, कागद राहू द्या. तुमचं स्वतःचं मत काय?"

मृणालिनीबाईंनी पुन्हा एकदा त्या मुलीकडे निरखून पाहिले. आयुष्यभर त्यांनी लहानपणाच्या खुणा शोधल्या होत्या : खुरटलेली उंची, बाह्यांत हरवलेले हात. इथे तर गेल्या हिवाळ्यातल्या स्वेटरातून मनगटे चार बोटे बाहेर आली होती.

"ही प्रौढ आहे," त्या म्हणाल्या. "माझी खात्री आहे."

निवेदनावर त्यांनी सही केली. अक्षराने त्या सहीकडे पाहिले, त्यांच्याकडे पाहिले आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

अधिकाऱ्याची गाडी वळणावर दिसेनाशी झाली, तेव्हा मृणालिनीबाई स्वयंपाकघरात आल्या. मागचे दार अर्धवट उघडे होते. बाहेर गॅरेजपाशी अक्षरा कोट न घालता, नुसत्या चपलांवर बर्फात उभी होती. तिने तोंडात बोट घातले, काहीतरी पिळले आणि तळहातावर घेतले. मग छपराकडे बघत सगळ्या ताकदीने ते फेकले.

ते छपरावरून घरंगळून परत खाली आले. तिने गुडघे टेकून बर्फ उकरला, पुन्हा नेम धरला. या वेळी ते वर राहिले. तिने हात जोडले.

"उंदीरमामा, जुना दात घे, नवा दे."

उकरलेल्या बर्फात लाल थेंब पडले होते.

सुहासिनी कधी शेजारी येऊन उभी राहिली, ते मृणालिनीबाईंना कळले नाही. तिनेही बाहेर पाहिले आणि हात लांबवून दार लोटले.

"पडली एकदाची," ती म्हणाली. "दुधाच्या दाढा आता तीनच राहिल्यात. चहा घे, मिनू, गार होतोय."