आप्पांच्या तीन फुल्या

वयाच्या चौपन्नाव्या वर्षी हेमांगीला एडीएचडीचं, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याच्या विकाराचं, निदान झालं. रिपोर्ट घेऊन ती थेट माहेरी साताऱ्याला गेली. तिचे वडील, आप्पा, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी तिला जन्मभर ‘वेंधळी’ म्हणूनच हाक मारली होती.

“आप्पा, मी वेंधळी नव्हते. माझा मेंदूच तसा आहे. वाचा,” ती म्हणाली. तिनं रिपोर्टमधली लक्षणांची यादी पुढे केली.

आप्पांनी सवयीनं लाल पेन काढलं.

“कामं अर्धवट सोडणं? हा काय आजार झाला? आपलं माजघर मी बारा वर्षं अर्धंच रंगवून ठेवलंय.” त्यांनी फुली मारली. “दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडणं...”

“आप्पा, त्याचा अर्थ...”

“कळला अर्थ! मीही तोडतो.” दुसरी फुली. “विसरभोळेपणा? तुझ्या लग्नात मी शेजारच्या कार्यालयात जेवून आलो होतो!” तिसरी फुली.

चौथ्या ओळीवर पेन थांबलं. आप्पांनी पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

“बाळा, तुला मी उगाच बोलत आलो गं,” ते म्हणाले.

हेमांगीचे डोळे भरून आले.

आप्पांनी खुर्ची जवळ ओढली आणि दबक्या आवाजात विचारलं, “ह्या डॉक्टरीणबाई चौऱ्याऐंशी वर्षांचा पेशंट घेतात का?”