कादंबरीचा शेवट

"या कादंबरीच्या शेवटानं मला मुळापासून हलवलं," असं म्हणत अध्यक्षांनी खांबेट्यांच्या खांद्यावर शाल टाकली. टाळ्या झाल्या. खांबेट्यांना काहीच वाटलं नाही.

सहाशे पानांच्या त्या कादंबरीची शेवटची सोळा पानं एकाही प्रतीत नव्हती. बाइंडरनं त्यांच्या जागी शेजारच्या गठ्ठ्यातली, लोणच्यांच्या पुस्तकाची सोळा पानं शिवली होती. खांबेटे तेव्हा रडकुंडीला आले होते. प्रकाशक म्हणाला होता, "धीर धरा हो. वाचकाची पहिली तक्रार येऊ द्या, लगेच सगळ्या प्रती बदलून देतो." त्याला बारा वर्षं झाली. सुरुवातीला खांबेटे पोस्टमनची वाट बघत फाटकात उभे राहायचे; मग तेही सुटलं.

"आता लेखकमहाशयांनी शेवटचं पान वाचून दाखवावं," निवेदिका म्हणाली.

खांबेट्यांनी पुस्तक उघडलं आणि छापलं होतं ते संथपणे वाचलं. "कैरीच्या फोडी पुसून कोरड्या कराव्यात. मोहरीची डाळ, मेथीची पूड, हळद नि मीठ घालून कालवाव्यात. बरणीला दादरा बांधून ठेवावा."

अध्यक्षांनी डोळे मिटून मान डोलावली. मागे कुणीतरी "प्रतीकं बघा, प्रतीकं" असं पुटपुटलं.

पहिल्या रांगेतून खांबेट्यांची बायको म्हणाली, "अहो, मेथी तळून नाही का घ्यायची?"

अखेर तक्रार आली होती. खांबेट्यांनी प्रकाशकाकडे बघितलं. तो टाळ्या वाजवत होता.