देवमनमामांचे नऊ

देवमनमामांच्या कागदावर शेवटी नऊच आले आणि राधिकाच्या पायाखालची वाळू सरकली.

कारण तिने आपला मोबाइल नंबर खोटा सांगितला होता.

मामांची सोयरिक जुळवायची रीत साऱ्या मंगरूळपिरात ठाऊक. मुलाचा मोबाइल नंबर लिहायचा, त्याला लागून मुलीचा. झाली वीस आकडी संख्या. तीच खाली उलटी लिहायची, मोठीतून लहान वजा करायची आणि आलेल्या उत्तराचे आकडे एकच उरेपर्यंत मिळवत जायचे. नऊ आले की देवाची मर्जी. मामा लबाड नव्हते बरं. त्यांच्या हातून नऊशिवाय दुसरं कधी आलंच नव्हतं, आणि ते आपल्या हाताचं यश आहे असं ते मनापासून समजत.

राधिकाला मालेगावचा हरीओम नको होता. बघायला आला तेव्हाच त्याने तिला कॉलेज बंद कर म्हणून दरडावलं होतं. पण वडील, पंजाबराव, नवापुढे कोणाचं ऐकतील तर शपथ. म्हणून तिने तोंडाला येतील ते आकडे सांगून टाकले. वाटलं, मोडेल. कसचं काय.

तिने खरं ते कबूल केलं. पंजाबराव भडकले. मामांनी खरा नंबर घेऊन पुन्हा मांडलं. नऊ. देव चूक सुधारून घेतो, असं म्हणून ते हसले. खोट्या नंबराचेही नऊ अन् खऱ्याचेही नऊ, राधिकाला संशय आला. ती तडक गोठ्यात गेली, गाईच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा आकडी नंबर लिहून आणला आणि पेन वडिलांच्या हातात दिला.

"आता हे तुमीच करा, बाबा."

पंजाबराव कुरकुरत बसले. उलटं लिहिलं, वजा केलं, मिळवलं. नऊ. त्यांनी पुन्हा तपासलं. मग साधे बावन्न घेतले. पंचवीस गेले, सत्तावीस उरले. दोन न् सात नऊ. बोअरच्या मोटरीचा नंबर घेतला. तरी नऊच.

"केवढीबी संख्या घ्या," राधिका म्हणाली, "उलटीसुलटी एकच नसली म्हंजे झालं, नऊच येतेत. याच्यात देव नाही, मामा, अन् हरीओमबी नाही."

मामांचा चेहरा पार उतरला. आजवर जुळवलेली एकेक घरं त्यांच्या डोळ्यांपुढे येत असावीत. मालेगावला नकार कळवतो, एवढं पंजाबराव कसंबसं पुटपुटले.

दारात थोरली सरिता चहा घेऊन उभी होती. तिला कामरगावला दिली होती, मामांच्याच नवावर. नवऱ्याचा मार खाऊन ती दोनदा माहेरी पळून आली, आणि नऊ आलेत, निभेल, असं म्हणत पंजाबरावांनीच तिला दोन्ही वेळा परत नेलं. तिसऱ्यांदा आली ती एक हात कायमचा अधू होऊन.

त्याच हाताने सावरत तिने कप खाली ठेवले.

"मंग मले वापस कायले नेऊन सोडलं, बाबा?"